नाताळात उतरायचं कुठे

५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

फोनवर तू 'हो' आणि 'बरं' यापलीकडे जात नाहीस, आणि माझ्या डाव्या कानाला आता तेवढंही ऐकू येत नाही. म्हणून पत्र. वॉर्डमधले रिपोर्ट लिहून लिहून माझा हात कोरडा झालाय, त्याचा राग मानू नकोस.

मुद्दा एक. नव्या वर्षात मी हे घर सोडतेय. निवृत्त नर्सेससाठी एका संस्थेनं इमारत बांधली आहे, तिथे मला खोली मिळाली. एक पलंग, एक कपाट, खाली जेवणघर. आयुष्यभर दुसऱ्यांना बेड देत आले, आता माझा नंबर लागला.

मुद्दा दोन. घर सोडायच्या आधी तुम्ही सगळे एकदा इथे राहून जा. यंदा नाताळ शुक्रवारी आहे, शनिवार-रविवार जोडून मिळतात. तू, मुलगा, मुलगी आणि जावई. दादाची मुलं माझ्या घरात एकदाही झोपलेली नाहीत. मुलगी लहान असताना एकदाच आली, ती पाणी पिऊन गेली. बाहेर तू टॅक्सी थांबवून ठेवली होतीस.

मुद्दा तीन. उतरायचं माझ्याकडेच. नाताळात या शहरात हॉटेलं अशी भरतात, की माणसं स्टेशनवर बॅगांवर बसलेली दिसतात. माझी पुढची खोली मोठी आहे. गाद्या उन्हात टाकायला सुरुवातही केली.

कळव. फक्त 'बघू' असं कळवू नकोस.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

प्रिय टिटवी,

मिशनच्या बोर्डिंगमध्ये तू झोपेत ओरडायचीस म्हणून तुझं हे नाव पडलं, आणि आता तू आजी झालीस तरी मला दुसरं नाव सुचत नाही.

माझ्या नणंदेचं पत्र आलंय. वाचल्यापासून मी घरभर गुणगुणतेय. मुलगा म्हणाला, "आई, बरी आहेस ना?" म्हटलं, "इतकी बरी मी कधीच नव्हते."

तुला सगळं माहीत आहे, तरी पुन्हा सांगते. सांगताना माझं रक्त सळसळतं, आणि या वयात तेवढाच व्यायाम. यांना दम लागायला लागला होता. चष्म्याच्या दुकानात उभं राहून काचा घासायचे, ते बसून घासायला लागले. ताई मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन. तिनंच रिपोर्ट मागवून घेतले, तिनंच मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. नाताळनंतरच्या सोमवारी डॉक्टर भेटणार होते. आम्ही शुक्रवारीच पोचलो. ताई स्टेशनवर आली आणि म्हणाली, "वहिनी, घर भरलंय गं. शिकाऊ नर्सेस सुट्टीत माझ्याकडे राहिल्यात. तुमची मी मोठ्या रस्त्यावरच्या लॉजवर सोय केली आहे."

सोय! तिसरा मजला, लिफ्ट नाही. हे प्रत्येक वळणावर थांबायचे, कठड्याला धरायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. जणू काही गंमत चालली आहे. उन्हाळा लागायच्या आत गेले.

पुढच्या वर्षी त्याच हॉस्पिटलातली एक नर्स भेटली. सहज म्हणाली, "त्या नाताळात? छे हो, आम्ही सगळ्या आपापल्या घरी गेलो होतो. मेट्रनबाई एकट्याच होत्या." घर रिकामं होतं, टिटवी. आजारी माणूस नको होता तिला घरात. दिवसभर तेच बघायचं आणि घरी येऊनही तेच, असं वाटलं असेल. सख्खा भाऊ होता गं.

तेव्हापासून मी तोंडातून शब्द काढला नाही. भांडलं की भांडण मिटतं, आणि मला ते मिटवायचं नव्हतं. मुलांना आत्या फक्त वाढदिवसाच्या कार्डापुरती ठेवली. ती कार्डं पाठवते, न चुकता. मी ती ड्रॉवरमध्ये टाकते, न चुकता.

आपल्या शिवणाच्या सिस्टर आठवतात? त्यांच्या हातांना निळ्या साबणाचा वास यायचा. उसवायला बसलो की म्हणायच्या, "धागा ओढायचा नाही, मुलींनो. कापड फाटतं. एकेक टाका कापायचा, शांतपणे, आणि जमलं तर देवाचं नाव घेत." पुढे मी जन्मभर शाळेत शिवण शिकवलं, पण मला शिवण्यापेक्षा उसवणंच जास्त चांगलं येतं.

तर मी जाणार आहे. पण तिच्याकडे उतरणार नाही. आमच्यासाठी लॉज शोधायला मी तिलाच लावणार आहे. वरच्या मजल्यावरचे, रस्त्याकडचे, आणि प्रत्येक खोली तिनं स्वतः चढून बघायची. तिचे गुडघे गेलेत, हे मुलानं सांगितलं.

देवाचं नाव मी घेईनच.

तुझी,
सुई


१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. पत्र वाचून डोळे भरून आले. गाद्या मात्र आत घ्या. आम्ही चार माणसं, जावई घोरतात, मुलगी पहाटे उठून आंघोळीला जाते. या वयात तुमची झोपमोड करायची म्हणजे पाप. आम्ही नाताळाला नक्की येऊ, जेवायखायला दिवसभर तुमच्याकडेच असू, पण उतरू बाहेर.

आता एक हट्ट. हसू नका. शाळेत आमच्या एक सिस्टर होत्या, त्या लहानपणी मोठ्या शहरात राहिलेल्या. डिसेंबर लागला की शिवण बाजूला ठेवायला सांगायच्या आणि उंचावरून दिसणारा नाताळातला रस्ता आम्हाला सांगायच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवे, खाली माणसांची गर्दी, आणि काचेतून काहीच ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. आम्ही मुली तोंडं उघडी टाकून ऐकायचो. तेव्हा मला जगात तेवढं एकच हवं होतं. तर खोली वरच्या मजल्यावर हवी आणि खिडकी मोठ्या रस्त्याकडे.

पण काउंटरवर विचारून ठरवू नका हं. तो काय, गोडच बोलणार. तुम्ही स्वतः वर जाऊन बघा. तुमच्यासारखी नजर कुणाची आहे? चादरीच्या घडीवरून तुम्ही अख्ख्या वॉर्डची परीक्षा करायचात, असं हे नेहमी सांगायचे.

त्रास देतेय. पण तुमच्याशिवाय आम्हाला त्या शहरात आहे कोण?

तुमची,
वहिनी


२२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हसले नाही. तू दिव्यांचं लिहिलंस, बरं वाटलं. का ते आत्ता नको, भेटल्यावर बोलू.

रिपोर्ट खालीलप्रमाणे.

पहिलं. नाट्यगृहाशेजारचं, चौथा मजला. लिफ्टवर पाटी, 'दुरुस्ती चालू'. पाटीवरची धूळ बघता दुरुस्ती मी वॉर्डात असल्यापासून चालू असावी. चढले. गादी उचलून बघितली, तर मॅनेजर म्हणाला, "आजी, खाली काही नाही." म्हटलं, "काही नाही असं म्हणणाऱ्याच्याच गादीखाली असतं." ढेकूण होते. त्याला ते बोटानं दाखवले. तो म्हणाला, "हे कालचे पाहुणे घेऊन आले." नापास.

दुसरं. एका बाईंनी घरातच खोल्या काढल्यात. स्वच्छ, कडक बाई, मला आवडली. ती म्हणाली, "आजी, तुम्हाला खालची देते, जिना नको." मी म्हटलं, "वरचीच दाखवा." "अहो, पण तुमचे पाय..." "पाय माझे आहेत, खोली दुसऱ्यांसाठी आहे." वर गेले. खोली उत्तम, चादर उत्तम, पण खिडकीसमोर नेमका सिनेमाचा फलक. दिवे दिसतील ते फक्त एका नटाच्या कानाजवळचे. तरी लिहून ठेवते, पर्याय म्हणून.

तिसऱ्याच्या जिन्यात एक माणूस कपाट खाली आणत होता आणि मी वर जात होते. आम्हा दोघांपैकी कुणीच माघार घेईना. शेवटी कपाट मागे गेलं. वर पोचल्यावर कळलं, खोली मागच्या बाजूची आहे.

अजून बघते. गर्दी वाढायच्या आत चांगलं काही मिळायला हवं. खिडकी मोठीच बघते, काळजी करू नकोस. तुला सगळा रस्ता दिसला पाहिजे.

गाद्या आत घेतल्या.

तुझी,
ताई


२६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

किती केलंत! त्या कपाटाचं वाचून मुलगी पोट धरून हसली. म्हणाली, "आत्या इतकी मजेशीर आहे, हे तू कधी सांगितलंच नाहीस."

कडक बाईंची खोली मनात भरली, पण तो नट आड येतो ना. सिस्टर म्हणायच्या, अर्धं दिसण्यापेक्षा डोळे मिटलेले बरे. आणि जावयांना जरा उंचावर बरं वाटतं, खालच्या मजल्यांवर त्यांना कोंदट होतं. तुम्ही मोठ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बघितलंत का? बँकेच्या वर एक आहे म्हणे. आणि त्याच्या पलीकडे, पुलाजवळ, दोन-तीन. बघताना खोलीत जरा बसा, घाई करू नका. नळ सोडून बघा. बाथरूम त्याच मजल्यावर आहे की जिना उतरून, तेही बघा, आणि उतरून असेल तर एकदा उतरून-चढून बघा, म्हणजे अंदाज येईल.

पायांना जपा हं.

तुमची,
वहिनी


२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

बँकेवरचं: बाथरूम जिना उतरून. उतरले, चढले. अंदाज आला. नापास.

पुलाजवळचं एक बंद झालंय, हे मला वर गेल्यावर कळलं, कारण खाली दार उघडं होतं. दुसऱ्यात नळ सोडला, तर त्यातून आवाज आला, पाणी आलं नाही. मॅनेजर मुलगी कानात गाणी लावून बसलेली. म्हणाली, "पाणी संध्याकाळी येतं." मी विचारलं, "आणि तू कधी येतेस?" तिला कळलं नाही.

उजवा गुडघा सुजलाय. शेजारीण काठी देऊन गेली आणि जाता जाता बोलूनही गेली, "या वयात लॉज हिंडतेस, लोक काय म्हणतील?" म्हटलं, "म्हणू देत. माझ्या आयुष्यात तेवढीच एक भानगड होऊ दे."

पण वहिनी, मिळालं! परवा. मोठ्या रस्त्याच्या मध्यावर, नवीन, सहावा मजला आणि लिफ्ट चालते. मी मुद्दाम तीनदा वर-खाली केलं. चादरींचे कोपरे आमच्या वॉर्डासारखे दुमडलेले. खिडकी भिंतभर. दिवे लावायला सुरुवात झाली आहे, माणसं शिड्यांवर चढून तारा ओढताहेत. मी खुर्ची ओढून तिथे बराच वेळ बसले. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो, आणि खरंच काही ऐकू येत नाही. माझ्या चांगल्या कानालासुद्धा.

खोल्या दोनच उरल्या होत्या. दोन्ही आपल्यासाठी धरून ठेवायला लावल्यात. पटकन 'हो' कळव.

तुझी,
ताई


४ डिसेंबर

सुई,

तू पाठवलेल्या तिच्या पत्रांच्या नकला वाचल्या. कपाटाच्या जागी मी इतकी हसले, की नातू विचारायला आला. मग काठीचं वाचलं आणि हसू ओठांवरच राहिलं.

बास झालं आता. मला ती बाई आवडायला लागली आहे, हा माझा दोष. पण तू बघ ना, लबाड माणूस असा चढत नाही. लबाड माणसानं दोन लॉज बघून बाकीच्यांचं घरी बसून लिहिलं असतं. ही खरंच चढतेय, आणि वर खूश आहे. का खूश आहे, हे तुला खटकलं नाही?

तू तिला आजवर एकदाही तोंडावर 'का?' असं विचारलं नाहीस. तू, जिनं शाळेत सिस्टरना विचारलं होतं की देवाला आई होती तर आजी का नव्हती! एवढा साधा प्रश्न इतकी वर्षं विचारत नाही म्हणजे उत्तर नको असतं माणसाला.

रागावलीस तर रागाव. मी टिटवी आहे, ओरडणारच.


६ डिसेंबर

ताई,

लिफ्टवालं नको.

सगळं बघितलंत, एक राहिलं. मोठ्या रस्त्यावर, घड्याळांच्या दुकानावरचं. तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. लिफ्ट नव्हती, अजूनही नसेल. पत्ता मी द्यायची गरज नाही, तो तुम्हीच मला दिला होता.

जा. चढा. प्रत्येक वळणावर थांबा, कठड्याला धरा आणि कुणाकडे तरी बघून हसायला जमतं का, ते बघा. वर पोचलात की त्या पलंगावर बसा आणि मला कळवा, ज्याला चार पावलं चालून दम लागत होता त्या माणसाला, सख्ख्या भावाला, रिपोर्ट हातात असताना, मेट्रन असताना, तुम्ही तिथे का चढवलंत. शिकाऊ नर्सेस त्या सुट्टीत आपापल्या घरी होत्या. तुमचं घर रिकामं होतं. मला कधीचं माहीत आहे.

माझी मैत्रीण टिटवी म्हणते, एकदा विचार. विचारलं.

बाकीचे लॉज मला नकोच होते. ते तुमच्या गुडघ्यांसाठी होते.

वहिनी


१२ डिसेंबर

वहिनी,

गेले. चढले. दुसऱ्या मजल्यावर मॅनेजरनं खुर्ची आणून दिली, मी जिन्यातच बसले. कुणाकडे बघून हसले नाही. वर खोली तीच आहे, पलंग बदललाय.

तर ते गुडघ्यांसाठी होतं. मी मूर्ख. तू लिहिलंस, वरचा मजला हवा, रस्त्याकडची खिडकी हवी, नाताळचे दिवे दिसायला हवेत. मला वाटलं, वहिनीला कळलं. कुठून तरी कळलं, आणि आता तिला ते बघायचंय. म्हणून चढत होते. त्या सहाव्या मजल्यावर मी खुर्चीत बसून दादाशी बोलले, माहीत आहे? म्हटलं, येतेय बाबा तुझी बायको, बघेल आता.

ऐक. सोमवारच्या डॉक्टरसाठी तुम्ही शुक्रवारी का निघालात, हा प्रश्न तुला इतक्या वर्षांत कधी पडला नाही?

दादानं मला आधी दुकानातून फोन केला होता. म्हणाला, "छोटे, एक काम कर. आम्ही आलो की घर भरलंय म्हणून सांग." मी म्हटलं, "वेड लागलंय का?" तर म्हणाला, "तुझ्या खिडकीतून हॉस्पिटलच्या धुलाईखान्याची भिंत दिसते. तिला नाताळात मोठा रस्ता बघायचाय, उंचावरून. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मी हॉटेलात राहू म्हटलं तर ती ऐकणार नाही. घर असताना कशाला, म्हणेल. तुझ्याकडे जागाच नसली तर काय करेल?"

रिपोर्ट माझ्या टेबलावर होते. मी म्हटलं, "दादा, तुला जिने चालणार नाहीत. बहीण म्हणून नाही, मेट्रन म्हणून सांगतेय." म्हणाला, "मेट्रनबाई, मग लिफ्टवालं शोधा." शोधलं, वहिनी. तेव्हाही मी असंच अख्खं शहर पालथं घातलं होतं. नाताळ होता, सगळं भरलेलं. ती एकच खोली उरली होती. तो म्हणाला, "घे." मी 'नाही' म्हणायला हवं होतं. पण दादानं मला जन्मात दुसरं काही मागितलं नव्हतं.

सोमवारी तू औषधाच्या रांगेत उभी होतीस. तो बाकावर माझ्या शेजारी. मी विचारलं, "बघितले का दिवे?" म्हणाला, "तिनं पडदाच उघडला नाही गं. तुझ्यावर फार रागावली आहे. तिन्ही दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. मीच बघत होतो, फटीतून." आणि हसला. मी म्हटलं, "थांब, आत्ता जाऊन तिला खरं सांगते." त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "नको. ती तुझ्यावर रागावलेली मला परवडते. स्वतःवर रागावली तर मी काय करू?"

म्हणून मी गप्प. तू मुलं दूर ठेवलीस, गप्प. टॅक्सी थांबवून ठेवलीस, गप्प. वाटलं, कधीतरी थकशील. तू थकली नाहीस. आज मी थकले, म्हणून शब्द मोडला. तुझी दया आली म्हणून नाही सांगितलं, वहिनी. राग आला म्हणून सांगितलं.

आणि एक. जिने चढला नसता तर किती जगला असता, हे तू आता विचारशील. रिपोर्ट मी वाचले होते. मला उत्तर माहीत आहे. ते मी देणार नाही.

ताई


१९ डिसेंबर

ताई,

तुमचं पत्र पहिल्या वाचनातच खरं वाटलं. पुढचे सगळे दिवस ते खोटं ठरवण्यात गेले. टिटवीला फोन करून वाचून दाखवलं, म्हटलं, सांग, बनवलेलं वाटतं की नाही? ती ओरडलीसुद्धा नाही. मग माझं मलाच कळलं. 'मेट्रनबाई, मग लिफ्टवालं शोधा', हे यांच्याशिवाय जगात दुसरं कुणी बोलणार नाही.

माफी मागावी म्हणून कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या आणि मध्येच असा राग आला, की कागद बाजूला ठेवून मी अंगणात जाऊन उभी राहिले. तो राग कशाचा, ते सांगते.

तुम्ही यांच्या शब्दाखातर गप्प राहिलात, मान्य. पण फक्त त्याखातर? मुलीच्या लग्नात तुम्ही चहाचा कप घेऊन माझ्यापर्यंत आलात आणि मी चारचौघांत तोंड फिरवलं. तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर एक शांतपणा होता. मला तो निर्लज्जपणा वाटला होता. आता कळतंय. तुमच्याकडे हे होते. माझ्याकडे नुसता त्यांचा फोटो होता, आणि तुमच्याकडे ते बोलत होते, हसत होते. मी जितकी वाईट वागत गेले, तितके ते जास्त तुमचे होत गेले. मी समजत होते की सूड मी घेतेय. तुम्ही जागचं न हलता माझ्यापेक्षा मोठा घेतलात.

फोनवर हे आणखी काय म्हणाले? दुकानातून केला होता, म्हणजे मागे घासण्याच्या चाकाचा आवाज असेल. बाकावर तुम्ही दोघं किती वेळ बसला होतात? रांग लांब होती, मला आठवतंय, मी मागे वळून बघितलं तेव्हा ते काहीतरी सांगत होते आणि तुम्ही खाली बघत होतात. मला वाटलं होतं, तुम्हाला त्यांची लाज वाटतेय. ती सगळी वाक्यं माझी आहेत, ताई. त्यातली चार तुम्ही मला दिलीत, तीही मारायला. बाकीची अजून तुमच्याकडे आहेत. ती घ्यायला मी येतेय.

तर उतरायचं ठरलं. मुलगा, मुलगी आणि जावई सहाव्या मजल्यावर. त्यांच्यासाठी त्या खोल्या ठेवायला सांगा, गेल्या असतील तर त्या मॅनेजरच्या चादरी उलटसुलट करा, देईल तो. मुलांना मी सगळं सांगितलंय. मुलगी रडली आणि मग माझ्यावर इतकी संतापली, की दोन दिवस बोलली नाही. ती तुमच्यावर गेली आहे.

मी तुमच्याकडे. पुढच्या खोलीत नाही, तुमच्या खोलीत. गादी तुमच्या पलंगाशेजारी घाला. तुम्ही बोलायचं आणि मी ऐकायचं. मध्ये तुम्हाला रडू आलं तर मी समजूत काढणार नाही, आणि मला आलं तर तुम्ही थांबायचं नाही. शेवटी ते उत्तरही घेईन, जे देणार नाही म्हणालात. त्याची मला भीती वाटते. इतकी भीती आजवर कशाची वाटलेली नाही. तरी विचारणार. तुम्ही 'देणार नाही' म्हणालात तर पुन्हा विचारणार. सोमवारी मुलं परत जातील. मी परत जाईन की नाही, ते तुम्ही किती लवकर सांगता त्यावर आहे.

याला उत्तर लिहू नका. पत्रात तुम्ही फार नेमक्या असता. मला तुमचं तोंड बघत ऐकायचंय.

वहिनी